सरपण, चिमणी आणि काजळी : वाचकांचे प्रश्न

लाकडावर चालणाऱ्या बंद लोखंडी स्टोव्हविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात तक्रार चिमणीची आहे. उत्तर शोधायला मात्र आम्हाला वारंवार सरपणाच्या ढिगाकडे जावे लागले.

प्रश्न : नवा स्टोव्ह बसवून दोन महिने झाले. काच रोज काळी पडते आणि आता पाइपच्या जोडांतून तपकिरी, उग्र वासाचे पाणी ओघळू लागले आहे. विक्रेता म्हणतो, स्टोव्हमध्ये काही खोट नाही. लाकूड आठ महिने अंगणात वाळवले आहे, तेव्हा ते ओले असण्याचा प्रश्नच नाही. मग दोष कुठे?

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे बरोबर असावे. लाकूड आठ महिने अंगणात होते एवढे पत्रावरून कळते. ते फोडून ठेवले होते की अख्खे ओंडकेच पडून होते, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि सगळी गोम तिथेच आहे. लाकडातले पाणी मुख्यतः रेषांच्या दिशेने, म्हणजे टोकांकडून बाहेर पडते. बाजूने साल त्याला अडवते. त्यामुळे वरून भेगाळलेला, करडा पडलेला ओंडका वर्षभरानेही आतून ओला निघू शकतो.

खात्री अशी करा. एक जाड तुकडा मधोमध फोडा आणि ताज्या फोडीच्या मध्यभागी मॉइश्चर मीटरच्या दोन्ही सुया रेषांच्या दिशेने रोवा. बाहेरच्या पृष्ठभागावर घेतलेला आकडा कुचकामी असतो. ढिगातल्या वेगवेगळ्या जागची तीन-चार लाकडे तपासा. २० टक्क्यांच्या आत असेल तर खुशाल जाळा. २५ च्या वर असेल तर पुन्हा रचून ठेवा. मीटर नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा चालेल. लाकडाच्या गाभ्यातून शंभर-सव्वाशे ग्रॅमचा तुकडा काढून त्याचे वजन करा, ओव्हनमध्ये १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला ठेवा आणि वजन घटायचे थांबेपर्यंत अधूनमधून तोलत राहा. १२० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर स्थिरावला, तर त्यात २० टक्के ओल होती. मीटरही याच हिशेबाने, कोरड्या लाकडाच्या वजनाशी तुलना करून टक्के दाखवतो. दोन लाकडे एकमेकांवर आपटून आवाज ऐकण्याची जुनी रीत अंदाजापुरती ठीक आहे, त्यावर स्टोव्ह चालवू नये.

आता या ओलीने होते काय ते पाहा. मीटरवर ५० टक्के दाखवणाऱ्या ३ किलो लाकडात १ किलो पाणीच असते. ते तापवून त्याची वाफ करण्यात सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. ही उधळपट्टी एक वेळ सोसेल, पण तिच्यामुळे भट्टीचे तापमान उतरते, लाकडातून निघणारे वायू पुरते जळत नाहीत आणि हा अर्धवट जळालेला धूर थंड पाइपमध्ये पोहोचला की त्यातली डांबरी वाफ आणि पाण्याची वाफ दोन्ही तिथेच जमतात. तुमच्या जोडांतून गळते आहे ते हेच, पातळ क्रिओसोट. ठणठणीत कोरडे लाकूडसुद्धा जळताना किलोमागे साधारण अर्धा किलो पाण्याची वाफ तयार करते, कारण लाकडात हायड्रोजन असतोच. म्हणून लाकूड कितीही चांगले असले तरी पाइप थंड पडू देऊन चालत नाही.

गळती बाहेर दिसते यात पाइप बसवणाऱ्याचीही चूक आहे. प्रत्येक वरच्या तुकड्याचे निमुळते, चुण्या पाडलेले टोक खालच्या तुकड्याच्या आत बसले पाहिजे. म्हणजे ओघळ आतल्या आत स्टोव्हमध्ये उतरून जळतो. पाइप उलटे जोडले की तोच ओघळ बाहेर येतो. पाइप उतरवालच तेव्हा प्रत्येक जोडाला तीन स्क्रू आहेत ना आणि आडवा भाग चिमणीकडे मीटरमागे किमान २ सेंटिमीटर चढता आहे ना, तेही पाहून घ्या. काचेसाठी वेगळे औषध नको. ओलसर कागद बारीक राखेत बुडवून थंड काचेवर चोळला की पुरते.

प्रश्न : सरपण पावसात भिजू नये म्हणून ढीग ताडपत्रीने चारी बाजूंनी नीट बांधला होता. उघडला तर आत पांढरी बुरशी. रचायची योग्य पद्धत कोणती?

उत्तर : ताडपत्री बाजूंनी आजच सोडा. वरून पडणारा पाऊस लाकडाच्या पृष्ठभागापुरता भिजवतो आणि तो वाऱ्याने दोन-चार दिवसांत वाळतो. बांधलेल्या ढिगात मात्र लाकडातून निघालेली वाफ ताडपत्रीला थेंब होऊन लागते आणि परत लाकडावरच पडते.

रचण्याआधी फोडणे महत्त्वाचे. फोडीची जाडी ८ ते १५ सेंटिमीटर असावी. लांबी भट्टीच्या आतल्या मापापेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर कमी. जमिनीवर थेट रचू नका. दोन वासे, विटा किंवा मालवाहतुकीचे लाकडी पॅलेट घालून खालून १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा, नाहीतर सर्वांत खालचा थर कायम ओला राहतो आणि वाळवीला आयती शिडी मिळते. ओळ एकेरी असावी, कापलेली टोके वारा आणि ऊन येते त्या बाजूला. दोन ओळी लावायच्याच असतील तर मध्ये हात जाईल एवढी फट ठेवा. दोन्ही कडांना एक थर उभा, एक थर आडवा असे चौकटीसारखे बुरूज रचले की मधल्या ओळीला आधार मिळतो. उंची सव्वा मीटरच्या आसपास थांबवा. लाकूड वाळताना आकसते, उन्हाच्या बाजूने अधिक, आणि ढीग त्या बाजूला झुकू लागतो; तेव्हा उंच ढीग एखाद्या सकाळी आडवा झालेला सापडतो. लहान मुले तिथे खेळत असतील तर हे नुसते गैरसोयीचे नाही.

वरून पत्रा टाका, किंचित उतार देऊन, दोन्ही बाजूंनी १५-२० सेंटिमीटर बाहेर आलेला. बाजू पूर्ण उघड्या. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर हवे. वाळवीचा उपद्रव असलेल्या भागात मात्र ढीग घराच्या भिंतीला टेकूच नका, काही मीटर दूरच ठेवा.

किती काळ वाळवायचे? मऊ, हलके लाकूड फोडून रचल्यावर ६ ते १२ महिन्यांत तयार होते. ओकसारखे जड, घट्ट लाकूड १८ ते २४ महिने घेते. हवा दमट असेल तर नुसते दिवस मोजून भागत नाही, कारण लाकूड भोवतालच्या हवेपेक्षा जास्त कोरडे होऊच शकत नाही: सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर ते १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, ८० ला १६ आणि ९० ला २० टक्क्यांवर. म्हणजे सतत ओल्या हवेत ढीग वर्षभर ठेवला तरी तो काठावरच राहील. कोरड्या महिन्यांत वाळलेले लाकूड ओल्या महिन्यांपूर्वी छपराखाली न्यावे हा त्यावरचा उपाय. बंद खोली वाळलेले लाकूड साठवायला उत्तम आहे, ओले वाळवायला नाही. हौसेने बांधलेल्या सुबक कोठ्या इथेच फसतात. प्रत्येक ओळीवर रचल्याचा महिना खडूने लिहा आणि जुनी ओळ आधी संपवा.

बुरशी आलेले लाकूड टाकून द्यायची गरज नाही. उघड्यावर ब्रशने झटका, पुन्हा रचा, वाळले की जाळा. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारे, भुसभुशीत झालेले तेवढे वेगळे काढा, त्यात उष्णता उरलेली नसते.

प्रश्न : पाइनचे लाकूड राळेमुळे चिमणी तुंबवते, असे ऐकले आहे. खरे का?

उत्तर : वाळलेले पाइन चिमणीला अपाय करत नाही. क्रिओसोट धूर न जळाल्याने होते, राळ असल्याने नव्हे, आणि कोरडी राळ तर झपाट्याने जळते. पाइन पटकन भडकते व लवकर संपते, म्हणून ते पेटवणीला आणि कमी थंडीच्या दिवसांना उत्तम. ओले ओकच चिमणीचे जास्त वाटोळे करते.

खरोखर जाळू नये ते वेगळेच: रंग दिलेले वा औषध मारलेले लाकूड, प्लायवूड, प्लास्टिक, चकचकीत छापील कागद आणि समुद्रावर वाहून आलेले ओंडके. या ओंडक्यांतले मीठ धुरात क्लोरिनची संयुगे सोडते. चिमणीच्या आतली स्टेनलेस स्टीलची नळीदेखील त्यांनी खाल्ली जाते.

प्रश्न : चिमणी घरच्या घरी साफ करायची आहे. किती वेळा, कोणता ब्रश आणि क्रम काय?

उत्तर : तपासणी वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजे, स्टोव्ह कमी वापरला असला तरी, पक्ष्यांची घरटी वापराची वाट पाहत नाहीत. सफाईची वेळ मात्र कॅलेंडरवरून ठरवू नका, थर पाहून ठरवा. आतल्या बाजूला काजळी ३ मिलिमीटर झाली की साफ करायची. रोज पेटणारा स्टोव्ह असेल तर मोसमाच्या मध्यावर एकदा पाहाच. पाहताना खालचा भाग बघून समाधान मानू नका. थर सर्वांत जाड वरच्या, थंड टोकाला असतो आणि टोपीची जाळी तर सगळ्यांत आधी बुजते.

ब्रश नळीच्या आतल्या व्यासाइतकाच हवा. १५० मिलिमीटरच्या नळीला १५० चा. स्टेनलेस स्टीलच्या नळीला नायलॉन किंवा पॉलिप्रोपिलीनचा ब्रश. साध्या पोलादी तारेने तिच्यावर ओरखडे पडतात आणि मागे राहिलेले लोखंडाचे कण गंजू लागतात. भाजलेल्या मातीच्या नळीला तारेचा ब्रश चालतो. दांडे एकमेकांत आटे फिरवून जोडायचे असतात. ते चिमणीत असताना फक्त घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. उलटे फिरवलेत की आटे सुटतात आणि ब्रश आतच राहतो. मग तो काढायला माणूस बोलवावा लागतो.

स्टोव्ह आदल्या दिवसापासून विझलेला असावा. घरातले एक्झॉस्ट पंखे बंद करा, आसपासचे सामान झाका. भट्टीच्या छताखाली आडवी बसलेली प्लेट, म्हणजे बॅफल, आधी काढा. ती बहुधा व्हर्मिक्युलाइटची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या हलक्या खनिजाची, असते आणि कडेने पकडून ओढली की तुकडे होतात. दोन्ही तळहात खाली धरून उचला, तिरकी करा, मग बाहेर घ्या. बॅफल न काढता ब्रश मारणे ही सर्वांत नेहमीची चूक. झडलेली सगळी काजळी तिच्यावर साचते, धुराची वाट अरुंद होते आणि माणूस म्हणतो, चिमणी आत्ताच साफ केली तरी धूर कोंडतो कसा?

दाराच्या जागी जाड प्लास्टिक चिकटपट्टीने लावून दांड्यापुरते भोक ठेवा आणि ब्रश खालून वर चढवत न्या. चिमणीची उंची आधी मोजून शेवटच्या दांड्यावर खूण केली की टोपीवर धडक बसत नाही. तारेचा ब्रश अर्ध्या वाटेवर मागे खेचू नका, तारा उलट्या वळून तो अडकतो. दोन-तीन फेऱ्या पुरतात. स्टोव्हपासून चिमणीपर्यंतचा जोडपाइप काढून बाहेर नेऊन घासा, विशेषतः एल्बोची, म्हणजे वळणाच्या तुकड्याची, आतली बाजू. छतावर चढून काम करायचे असेल तर दोर आणि हार्नेसशिवाय नको. ते नसेल तर टोपीची सफाई जाणकारावर सोपवा.

काजळी बारीक असते आणि ती कर्करोगाला कारण ठरते हे नीट सिद्ध झालेले आहे. एफएफपी २ दर्जाचा मास्क, हातमोजे, चष्मा घाला. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, त्याच्या पिशवीतून काजळी आरपार जाऊन खोलीभर पसरते.

शेवटी बादलीत काय पडले ते पाहा. कोरडी, मऊ पूड असेल तर स्टोव्ह चांगला चालला आहे. कडक, चकाकणाऱ्या पापुद्र्यांचा ढीग असेल तर लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते आहे.

प्रश्न : आमच्या नळीला आतून काळ्या काचेसारखा लेप आहे. ब्रश त्यावरून नुसता घसरतो. रात्रभर स्टोव्ह मंद चालावा म्हणून आम्ही झोपताना भट्टी भरून हवा पूर्ण बंद करतो. त्याचा संबंध असेल का?

उत्तर : थेट संबंध आहे. हवा बंद केली की लाकूड जळत नाही, धुमसते. धूर सावकाश आणि थंड वर जातो. नळीतले तापमान साधारण १२० अंशांखाली गेले की डांबर तिथे चिकटते, आणि रोजच्या रोज चढलेल्या पुटांचा असा लेप बनतो. हा सर्वांत धोकादायक प्रकार, कारण तो पेटतो तेव्हा आतले तापमान १००० अंशांच्या वर जाऊ शकते.

ब्रशचे इथे काम नाही. काही पावडरी आणि फवारे मिळतात. ते रोज आगीबरोबर वापरले की काही आठवड्यांत लेप ठिसूळ होतो, पण तो नंतर घासून काढावाच लागतो. ‘चिमणी आपोआप साफ करणारे’ ओंडके ही फार तर मदत आहे, सफाई नव्हे. लेप जाड असेल तर व्यावसायिकाकडून फिरत्या साखळीने काढून घ्या आणि नळीला तडे नाहीत याची कॅमेऱ्याने तपासणी करवा. तोवर स्टोव्ह पेटवू नका. मोठा जाळ करून लेप जाळून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पुढे असे करा. झोपण्यापूर्वी दोन-तीन जाड, कोरडी लाकडे निखाऱ्यांवर ठेवा, १५-२० मिनिटे भरपूर हवा देऊन ती सगळीकडून पेटू द्या, मग हवा टप्प्याटप्प्याने कमी करा. ज्वाळा दिसत राहिली पाहिजे. एकेरी पत्र्याच्या पाइपवर, स्टोव्हच्या वर सुमारे ४५ सेंटिमीटरवर चुंबकाचा थर्मामीटर लावा. काटा ११५ ते २४५ अंशांदरम्यान राहिला की ठीक. आतल्या धुराचे तापमान याच्या दुपटीच्या आसपास असते. दुहेरी पाइपवर हा थर्मामीटर फसवतो, तिथे आत जाणारी सळई असलेला घ्यावा.

प्रश्न : पेटवताना पहिली दहा मिनिटे धूर खोलीत येतो. स्वयंपाकघरातला पंखा चालू असला की जास्तच.

उत्तर : निदान तुम्हीच केले आहे. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, तिची भरपाई चिमणीतून खाली येणारी हवा करते. त्याच खोलीची खिडकी दोन बोटे उघडून पेटवून पाहा; धूर थांबला तर घराला हवा कमी पडते आहे. पंखा बंद ठेवा किंवा स्टोव्हला बाहेरून हवेची स्वतंत्र नळी द्या.

खिडकी उघडूनही फरक पडला नाही तर चिमणी थंड आहे. बाहेरच्या भिंतीवरून गेलेल्या चिमणीत गार, जड हवा बसून राहते. कागदाचे दोन-तीन पिळे पेटवून धुराच्या तोंडाशी धरा. ओढ सुरू झाल्याचा आवाज येतो. आग वरून खाली पेटवा: जाड लाकडे तळाशी, त्यावर बारीक, सर्वांत वर काटक्या आणि पेटवण. याने नळी लवकर तापते आणि धूरही कमी होतो. तरीही ओढ नसेल तर जाळी तपासा आणि मग उंची मोजा. चिमणीचे टोक छपरातून बाहेर पडते तिथून किमान ९० सेंटिमीटर वर आणि ३ मीटरच्या परिघातल्या कोणत्याही भागापेक्षा ६० सेंटिमीटर उंच असावे. काटकोनाचे दोनपेक्षा जास्त एल्बो असतील तर ओढीची अपेक्षाच करू नका.

अशा घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, त्याच खोलीत, स्टोव्हपासून १ ते ३ मीटरवर. निखारे धूर न करताही हा वायू सोडतात. डोके दुखू लागले, मळमळले तर आधी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

प्रश्न : हवा पूर्ण बंद केली तरी आग भडकलेलीच राहते.

उत्तर : दाराच्या कडेची दोरी गेली आहे. थंड स्टोव्हच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून हवा शिरते. चारी बाजूंनी तपासा. जुनी दोरी खरवडून खाच स्वच्छ करा, त्याच जाडीची नवी काचतंतूची दोरी उष्णतारोधक गोंदाने न ताणता बसवा. ताणली की ती बारीक होते आणि फट तशीच राहते. दार लावून २४ तास वाळू द्या.

प्रश्न : चिमणीत आग लागली तर नेमके काय करायचे?

उत्तर : घरघराट, पाइपचा थरथराट, टोकातून ठिणग्या वा ज्वाळा ही लक्षणे. स्टोव्हचे दार आणि हवेच्या सगळ्या झडपा बंद करा, घर रिकामे करा, अग्निशमन दलाला बोलवा. हे एका मिनिटात व्हावे. भट्टीत किंवा चिमणीत पाणी ओतू नका. तापलेली नळी तडकते आणि वाफ अंगावर येते. आग आपोआप विझली तरी दल येऊन माळा आणि भिंती तपासेपर्यंत आत जाऊ नका. तपासणीशिवाय तो स्टोव्ह पुन्हा पेटवायचा नाही.

प्रश्न : राख प्लास्टिकच्या बादलीत ठेवली तर? आणि लाकडातून भुंगेरे घरात येतात, त्यावर कीटकनाशक फवारू का?

उत्तर : दोन्ही नको. राखेत निखारे काही दिवस जिवंत राहतात. घट्ट झाकणाची धातूची बादली घ्या आणि ती घराबाहेर, फरशीवर ठेवा. भट्टीच्या तळाशी बोटभर राख राहू द्या, निखारे टिकतात. फवारलेले औषध जळताना घरात येते. त्यापेक्षा दोन दिवसांपुरतेच लाकूड आत आणा आणि ते स्टोव्हपासून मीटरभर दूर ठेवा.

प्रश्न : मोसम संपल्यावर स्टोव्ह कसा बंद करावा?

उत्तर : सफाई पुढच्या थंडीवर ढकलू नका. काजळी आम्लधर्मी असते, तिला दमट हवा मिळाली की बंद महिन्यांत पाइप गंजतो. साफ करा, राख पूर्ण काढा आणि हवेच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा म्हणजे आत हवा खेळती राहील. पक्षी शिरू नयेत म्हणून काहीजण नळीत बोळा कोंबतात. तसे केलेच, तर चिठ्ठी लिहून स्टोव्हच्या दाराला बांधून ठेवा.